दंगल आबांच्या ट्रॅक्टरचा उजवा ब्रेक

ब्रेक गेलेला ट्रॅक्टर गॅरेजपर्यंत आणायचा कसा, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडत नाही. आम्हाला रोज पडायचा. इंजिनाचं काम असलं तर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या मागे बांधून ओढत आणता येतो. पण ज्याला थांबताच येत नाही त्याला ओढणार कोण? उतारावर तो पुढच्याच्या अंगावर जायचा. म्हणून ब्रेकच्या कामाला मिस्तरीच शेतकऱ्याच्या घरी जातो. मोटारसायकलच्या एका बाजूला पान्ह्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला जॅक आणि मागे सुतळीने आवळलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तो तुकडा मी चाळीसगावच्या एका भंगारवाल्याकडून आणला होता, ऐरण म्हणून. पारोळा तालुक्यात आणि तिकडे धुळ्याच्या अंगाला अशी खळी थोडीच असतील, जिथे मी पोत्यावर बसून लायनर ठोकले नाहीत.

मी सुपडू मिस्तरी. गॅरेज गेल्या वर्षी बंद केलं, आता कोणी फारच गळ घातली तर जातो. दिवाळी अंक काढणारे सर म्हणाले, चाळीस वर्षांचं लिहा. म्हटलं, सर, चाळीस वर्षं काय लिहायची? रोज तेच ग्रीस आणि रोज तेच नट. एका ब्रेकचं लिहितो. त्या ब्रेकपायी मी एका भल्या माणसाचं नाव खराब केलं, आणि ते दुरुस्त करायला मला पान्हा पुरलेला नाही.

आधी ब्रेक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या प्रत्येक चाकाआड एक लोखंडी ड्रम असतो, चाकाबरोबर फिरणारा. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू. शूच्या पाठीवर लायनरची पट्टी बसवलेली असते. पेडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. लायनर झिजला की नवा बसवायचा. तो डिंकाने चिकटवत नाहीत, तांब्याच्या रिपिटांनी ठोकतात. पुस्तकात त्याला रिव्हेट म्हणतात म्हणे. आमच्याकडे रिपिटच. मधल्या रिपिटापासून सुरुवात करायची आणि दोन्ही टोकांकडे जायचं. टोकापासून सुरू केलं तर पट्टी मध्ये फुगते आणि फुगलेला लायनर आठ दिवसांत तडकतो. रिपिटाचं डोकं लायनरच्या खाली बुडालं पाहिजे, वर राहिलं तर ड्रम कापून काढतं. मी नखाने तपासायचो. पूर्वी ड्रम उघडला की आतली काळी धूळ तोंडाने फुंकर मारून उडवायचो. ती धूळ छातीला काय करते हे कळलं तोवर हजारो ड्रम फुंकून झाले होते. आता सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकतो.

गिऱ्हाइकं एकेक भारी असायची. एकाचा ब्रेक तेलाने घसरायचा, तर त्याने ड्रममध्ये ओंजळभर माती टाकली. दोन दिवस ब्रेक झक्कास लागला, तिसऱ्या दिवशी ड्रम फाळाने नांगरल्यासारखा. पहूरला माझी सासुरवाडी, तिकडचा एक पाहुणा तर म्हणाला, मिस्तरी, ब्रेकला कशाला खर्च करू, समोर काही आलं की मी नांगर खाली सोडतो. खरंच सोडायचा. त्याच्या गावच्या डांबरी रस्त्यावर तीन ठिकाणी तासं पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडल दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. का, तर नांगरताना बांधाशी आलं की जागच्या जागी वळावं लागतं. एकच चाक दाबून धरलं की ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गर्रकन फिरतो. पण रस्त्यावर आलात की दोन्ही पेडल एक झाली पाहिजेत. त्यासाठी एक लोखंडी पट्टी असते, ती एका पेडलवरून दुसऱ्यावर टाकायची. आम्ही तिला कडी म्हणतो. शेतात कडी काढायची, रस्त्याला लागताना टाकायची. बस, एवढंच. आणि एवढंच आमच्या लोकांकडून होत नाही. पाय एकाच पेडलवर पडतो, ट्रॅक्टर एकीकडे ओढला जातो, मागून ट्रॉली ढकलते, आणि मग दवाखाना.

मी यावर फार बोलायचो. लायनर ठोकून झाला की कडीचं भाषण फुकट. ऐकणाऱ्याला पटावं म्हणून मी एक उदाहरण द्यायचो, नावानिशी. ते उदाहरण म्हणजे दंगल आबा.

नावच तेवढं दंगल. माणूस इतका शांत की त्यांच्या खळ्यात आधी बैलाचा आवाज ऐकू यायचा, मग यांचा. पारोळ्यापासून आठ-दहा किलोमीटरवर त्यांचं गाव. पंधरा एकर कोरडवाहू जमीन, मुलगा सुरतेला नोकरीला, घरात आबा आणि सिंधू अक्का दोघंच. ट्रॅक्टर जुना, रंग उडून विटकरी झालेला, पण आबांनी जपलेला. दर अमावास्येला धुवायचे. कडीलासुद्धा तेलाचा थेंब द्यायचे. हे मला माहीत होतं. माहीत असून मी पुढे जे बोललो ते बोललो.

चार वर्षांपूर्वी भादव्यात आबांनी मला बोलावलं. उजवा ब्रेक लागत नव्हता. दोन्ही चाकं उघडली. एका बाजूचा लायनर बदलायचा नाही, बदलले तर दोन्हीकडचे, हा माझा नियम. डावीकडे सगळं कोरडं होतं. उजवीकडे अ‍ॅक्सलचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गळत होतं आणि गिअरचं तेल झिरपून लायनरवर येत होतं. नवा लायनर टाकला तरी तेल पडत राहिलं तर तो साबणासारखा होणार. म्हणजे सील नवं पाहिजे. पिशवीत त्या मापाचं सील नव्हतं. पारोळ्यात शेठजींच्या दुकानाला फोन लावला, तर त्या दिवशी त्यांची जैनांची संवत्सरी, दुकान बंद.

आबा म्हणाले, "सुपडू, घाई नही शे. सकायले नवं सील लई ये, मंग बसाड."

म्हणजे उद्या आणून बसव. पण मला दुसऱ्या दिवशी धुळ्याकडे जायचं होतं, तिथे शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर हातातल्या कसबाचा माज होता. सीलच्या आत केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग असते, तीच सीलचा ओठ अ‍ॅक्सलवर दाबून धरते. सील जुनं झालं की ती सैल पडते. मी ती काढली, पकडीने तिचे दोन आटे कापले, टोकं परत एकमेकांत अडकवली. स्प्रिंग लहान झाली, ओठ घट्ट बसला. ही युक्ती सगळ्या मिस्तऱ्यांना येते आणि पुष्कळदा चालतेही. आबांना म्हणालो, "आता वर्षभर हलत नाही." त्यांनी मान हलवली. मी मिस्तरी, माझ्या बोलण्यावर ते काय बोलणार?

वीसेक दिवसांनी आबा उडदाची पोती घेऊन पारोळ्याच्या मार्केटला निघाले. गावाबाहेर नाल्यावर फरशी आहे, ठेंगण्या पुलासारखी, कठडा नसलेली, आणि तिच्याकडे जाणारा चांगला उतार. आबांनी ब्रेक दाबला तसा ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला, ट्रॉलीने मागून रेटलं आणि सगळंच नाल्यात. आबांचा डावा पाय मडगार्डखाली सापडला. धुळ्याला ऑपरेशन झालं, मांडीत सळई टाकली, गुडघा कायमचा ताठ राहिला. जीव वाचला तेवढं नशीब.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. आबा दवाखान्यात होते. ट्रॅक्टर नाल्यातून काढून खळ्यात आणून लावलेला, भोवती गावातली दहा-पंधरा माणसं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण ब्रेक मीच केलेला. आता हे मलाच धरणार असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी वाकून पेडलकडे पाहिलं. कडी वर काढलेली होती.

"हे बघा," मी म्हणालो, "आबा कडी टाकायला विसरले."

झालं. माझा जीव भांड्यात पडला. चाक उघडून बघायची गरजच मला वाटली नाही. कडी काढून एकटं डावं पेडल दाबलं तर ट्रॅक्टर डावीकडेच ओढला जाणार, हिशेब बरोबर जुळत होता. उजवा ब्रेक तेलाने निकामी झाला तरी ट्रॅक्टर डावीकडेच ओढला जातो, हेही मला येत होतं. पण ती स्प्रिंग मला तेव्हा आठवली नाही. आठवली नाही की मी आठवू दिली नाही, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

मग ते माझं भाषणातलं उदाहरण झालं. कडी टाका रे, नाहीतर दंगल आबांसारखं होईल. चहाच्या टपरीवर, मार्केटमध्ये, लग्नाच्या मांडवात, कुठेही. ऐकणारे हळहळायचे आणि घरी जाऊन कडी टाकायचे, म्हणजे उपयोगही होत होता. एकदा अमळनेरकडच्या एका अनोळखी शेतकऱ्याने मलाच ही गोष्ट सांगितली, वर म्हणाला, नाव लक्षात ठेवा, दंगल आबा. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. गावात आबांना कडीवाले आबा म्हणायला लागले. लहान पोरं तोंडावर म्हणायची. अक्कांनी ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आणि आबांना त्यावर बसायची बंदी केली. ज्याला दोन बोटांची पट्टी टाकायची आठवण राहत नाही, त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नाही, असं त्या चारचौघांत बोलल्या.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि अक्कांचा फोन आला. अक्का चाळीसगावकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, माझ्याशी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायच्या.

"मिस्तरी, ट्रॅक्टर सुरू करून द्या. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात गेल्या साली पेरणी मागे पडली. घरचा असून लोकांच्या पाया पडायचं मला जमत नाही."

"अक्का, चालवणार कोण?"

"मी. माहेरी भावाचा चालवला आहे. आधी ब्रेक करा, बाकीचं मग."

गेलो. आबा ओट्यावर खाटेवर बसलेले, काठी बाजूला. केस सगळे पांढरे झालेले. मला पाहून हसले, चहा टाकायला सांगितला. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही. मीच नजर दुसरीकडे वळवली, का ते तेव्हा कळलं नाही.

ताडपत्री काढली. डावं चाक आधी घेतलं. मागच्या चाकात पाणी भरलेलं असतं, एकट्याला हलत नाही, अक्कांनी पदर खोचून हात लावला. ड्रम ओढला. आत गंज होता, लायनर मात्र कोरडा, माझ्या रिपिटांसकट जसाच्या तसा. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा अक्का, चार वर्षांनीसुद्धा हललेलं नाही. मग उजवीकडे गेलो.

उजवा ड्रम सुटेना. लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकला तेव्हा सुटला आणि वास आला. जळकट गिअर ऑइलचा वास मी झोपेतही ओळखेन. लायनर काळा, काचेसारखा गुळगुळीत. ट्रॅक्टर उभा राहून तेल झिरपलं असतं तर ते खाली साचलं असतं, वरचा भाग कोरडा राहिला असता. इथे ड्रमच्या आतून सगळीकडे सारखा तेलाचा थर भाजून बसला होता, दुधाच्या पातेल्याला करपलेली साय बसते तसा. म्हणजे चाक फिरत असताना, ब्रेक तापलेला असताना तेल आत होतं. म्हणजे आबांनी उतारावर ब्रेक दाबला तेव्हाही होतं.

अ‍ॅक्सल बाहेर काढला, सील उपसून हातात घेतलं. स्प्रिंग सुटून आत गोळा झालेली. टोकावर माझ्या पकडीचा काप स्पष्ट दिसत होता.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं. त्या दुसऱ्या बाजूला बसून रिपिटं निवडत होत्या.

"सील गेलंय. नवं टाकतो," मी म्हणालो आणि ती स्प्रिंग शर्टाच्या खिशात घातली.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर सगळंच लिहितो. या खेपेला नवी सीलं मी पिशवीत घेऊन आलो होतो. अक्कांना सीलमधली स्प्रिंग म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर देवाशिवाय कोणाला कळलं नसतं. रुळाचा तुकडा पुढ्यात घेतला आणि कामाला लागलो. अक्कांनी शू धरायचा, मी रिपिट ठोकायचं. त्यांचा हात इतका स्थिर की मला मजा वाटली असती, दुसरा कुठला दिवस असता तर. तासभर ठोकत होतो. ठोकता ठोकता विचारलं, "अक्का, नाल्यातून ट्रॅक्टर बाहेर कोणी काढला होता?"

"आमच्या मोठ्या दिरांच्या राजूने. जेसीबीने वर ओढला आणि खळ्यापर्यंत त्याने चालवत आणला."

"आपल्या खळ्याचं फाटक अरुंद. वळवताना एक ब्रेक धरून वळवला असेल त्याने?"

"हो. दोनदा पुढे-मागे केला, मग एकच पेडल दाबून वळवला. का हो?"

एकच पेडल दाबायचं तर कडी काढावीच लागते. मी पुढचं रिपिट उचललं.

दुपारी जेवायला ओट्यावर बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कांदा. आबा खाटेवर, अक्का उंबऱ्याशी. आबांनी भाकरी संपवली. मग हळूच म्हणाले, "सुपडू, एक काम कर. ती कडी वेल्डिंग मारीसन कायमनी बंद करी टाक."

"का आबा? मग शेतात वळणार कसं?"

"वळाले अडचन व्हई तं व्हवू दे. हाई चालवनार शे. हिना हातून नको ऱ्हावाले." अक्का चालवणार, तिच्या हातून कडी राहून जायला नको, असं ते म्हणत होते. मग पुढे बोलले, "पह्यले माले पक्कं याद व्हतं, कडी लावेल व्हती म्हनीसन. आते बठ्ठा लोक म्हनतस, तं माले बी वाटस, ऱ्हाई गयी व्हई."

सगळे म्हणतात म्हणून आता त्यांनाही वाटू लागलं होतं, कडी राहिलीच असेल. लोकांनी त्यांना नावं ठेवली हे मला ठाऊक होतं. पण माणसाने स्वतःच्या हाताने टाकलेली कडी, स्वतःच्या पक्क्या आठवणीतली, ती मी बोलून बोलून त्यांच्या डोक्यातून काढून टाकली होती. पाय मोडला त्याहून हे मला वाईट वाटलं. आजही वाटतं.

मी हात धुतला, खिशातून स्प्रिंग काढली आणि खाटेवर त्यांच्यासमोर ठेवली.

"आबा, कडी तुम्ही लावली होती. चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. सील, संवत्सरीचं बंद दुकान, कापलेले दोन आटे, तेल, करपलेला ड्रम, राजूने फाटकाशी काढलेली कडी. आबांनी स्प्रिंग उचलली, बोटांत धरून उजेडाकडे केली.

"इतलीशी?" ते म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं शिवी देतील, काठी उगारतील. दिली असती तर बरं झालं असतं.

अक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या आबांना म्हणाल्या, "मग तुम्ही तेव्हा ठासून का नाही सांगितलं?"

"सांगेल व्हतं," आबा म्हणाले, "दवाखानामा, पहिलाच दिन."

अक्कांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी यांचं ऐकलं नाही. मिस्तरी सांगतो म्हटल्यावर नवऱ्याचं कोण ऐकतं?" त्यात राग नव्हता, तरी मला ते फार लागलं. मग ताटं उचलत म्हणाल्या, "काम अर्धं सोडू नका. पुरं करा."

काम पुरं केलं. दोन्ही बाजूंना नवी सीलं, नवे लायनर. शेवटी ब्रेकची जुळणी करावी लागते. कोणीतरी वर बसून पेडल दाबायचं, खाली मिस्तरी दोन्ही चाकांचा ताण सारखा करतो. अक्का वर चढल्या, सीटवर बसल्या, आणि पुन्हा खाली उतरल्या.

"तुम्ही बसा," त्या आबांना म्हणाल्या.

आबांना वर चढवायला आम्हा दोघांना हात लावावा लागला. ताठ पाय बाजूला काढून ते बसले. ब्रेकचा पाय उजवा, तो शाबूत होता. डाव्या पायाला क्लच दाबवत नाही, त्यामुळे रस्त्याला ट्रॅक्टर ते पुन्हा चालवणार नाहीत, हे तिघांनाही माहीत होतं. वर बसल्याबरोबर त्यांनी वाकून कडी टाकली, आणि माझ्या सांगण्याप्रमाणे पेडल दाबत राहिले. दाबा, सोडा, दाबा, सोडा. अर्ध्या तासाचं काम मी तासभर चालू ठेवलं.

मग अक्कांनी ट्रॅक्टर गावाबाहेरच्या रस्त्यावर नेला. मी मागे मडगार्डवर. वेग घेऊन ब्रेक मारायला सांगितला. ट्रॅक्टर सरळ थांबला. खाली उतरून दोन्ही चाकांचे घासलेले पट्टे पावलांनी मोजले, सारखे होते. चाळीस वर्षांत इतकी नीट जुळणी माझ्या हातून झाली नव्हती, आणि तिचं मला काडीचं कौतुक वाटलं नाही.

परत जाताना आबांकडून ती स्प्रिंग मागून घेतली आणि गावच्या चहाच्या टपरीवर गाडी लावली. आठ-दहा जण होते, त्यातले काही तेव्हाही खळ्यात असलेले. त्यांना सगळं सांगितलं, स्प्रिंग दाखवली. ते ऐकत राहिले आणि मग एक जण हसून म्हणाला, "मिस्तरी, अक्कांनी आज चांगलं जेवू घातलेलं दिसतं." दुसरा म्हणाला, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मी चिडलो, बोललो, पटवून दिलं. ते हो हो म्हणाले. मी गाडीला किक मारत होतो तेव्हा मागून ऐकलं, "कडीवाल्या आबांकडूनच आला म्हणे."

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं. आधीची गोष्ट लोकांना एकदा सांगितली की पाठ व्हायची. ही चार वेळा सांगितली तरी बसत नाही. कडी विसरलेला शेतकरी लोकांना ओळखीचा वाटतो. स्प्रिंगचे आटे, सीलचा ओठ, करपलेला थर, हे कोण लक्षात ठेवणार? आणि अमळनेरकडचा तो माणूस, त्याचं नावही मला माहीत नाही, तो ही गोष्ट पुढे आणखी किती जणांना सांगत असेल, त्यांना मी कुठे शोधू?

म्हणून सरांना हो म्हटलं. छापलेलं चार घरी जातं, गोठ्यात, टपरीवर पडून राहतं, कोणी ना कोणी वाचतं. लिहायच्या आधी आबांकडे जाऊन आलो. अक्का शेतात गेल्या होत्या, नांगराचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. म्हटलं, आबा, हे सगळं लिहितोय, पण तुमचं नाव टाकू की नको? नाव बदलून लिहिलं तरी चालतं असं सर म्हणाले.

आबांनी मला खाटेवर जागा करून दिली.

"टाक," ते म्हणाले. "तव्हय, कडीनी गोष्टमा बी टाकतच व्हता ना तू."